पहिला कौल

माझ्या मुलीच्या छातीत पू साठला होता आणि माझी बायको म्हणत होती, देवीने नको सांगितलेलं असताना मी तिला ऑपरेशनला देणार नाही. देवीने नको सांगितलेलं नाही, हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक आमच्या गावचा गुरव, आणि दुसरा मी.

देवाचे असे अनुभव लिहिणाऱ्यांची श्रद्धा मोठी असते. मी आजवर वाचत आलो ते तसेच अनुभव, आणि वाचून हात जोडत आलो. माझ्याकडे तशी श्रद्धा नव्हती. भीती होती, आणि त्या भीतीला मी श्रद्धेचे कपडे घातले होते. घरी, नातेवाइकांत, कामावर, सगळीकडे मी देवाचा माणूस म्हणून ओळखला जातो. कपाळावर अंगारा लावल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. म्हणून हे लिहिताना हात अडखळतोय. पण आता नाही लिहिलं तर कधीच लिहिणार नाही.

आम्ही रत्नागिरीकडचे. वडील मुंबईत आले, गिरणगावात राहिले. मी लग्नानंतर मीरा रोडला, सिल्व्हर पार्कच्या बाजूला जागा घेतली. भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा गाळा आहे, तिथे मी सुपरवायझर. लग्न उशिरा झालं आणि मूल त्याहून उशिरा. वैशालीला दिवस राहिले तेव्हा माझी चाळिशी उलटून गेली होती. पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत डॉक्टरांचा हात एका जागी थांबला. बाळाच्या डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागात काहीतरी पांढुरकं दिसत होतं. पुढच्या तपासणीत ते थोडं लहान वाटलं. तन्वी जन्मली तेव्हा अशी टाहो फोडून रडली की नर्स हसली. म्हणाली, "हिच्या फुफ्फुसात खोट कुठली? अख्खा मजला उठवला हिने!" तिचं ते वाक्य मी ताईत बांधावा तसं जपून ठेवलं.

सुरुवातीला मला वाटलं, हे माझ्या गाळ्यामुळे झालं. पॉलिशची काळी भुकटी कपड्यांतून घरी येते, केसांत, कानांत बसते. वैशाली माझे कपडे धुवायची, तेव्हा तिच्या पोटात तन्वी होती. मोठ्या रुग्णालयातल्या सर्जन मॅडमना मी हे भीत भीत विचारलं. त्यांनी मान हलवली. "नाही हो बाबा. हे गर्भातच झालंय. फुफ्फुसाचा तेवढा भाग बनतानाच वेगळा बनला. त्यात तुमचा दोष नाही." जो दोष माझा नव्हता त्यातून मी असा सुटलो. जो पुढे होणार होता, त्याची त्या दिवशी मला कल्पना नव्हती.

मॅडमनी सीटी स्कॅनच्या पडद्यावर बोट ठेवून समजावलं होतं. त्या भागात बारीक फुग्यांसारख्या पोकळ्या आहेत. हवा आत शिरते, पण नीट बाहेर येत नाही. आज बाळाला काही त्रास नाही. पण एकदा का तिथे जंतू शिरले, की ते तळ ठोकतात. त्याआधी, पहिल्या वाढदिवसाच्या आतबाहेर, तेवढा भाग काढून टाकायचा. "छाती उघडायची नाही. बरगड्यांमधून तीन छोटी छिद्रं. एकातून दुर्बीण, बाकीच्यांतून अवजारं. आणि मुलांचं फुफ्फुस वाढत असतं, उरलेलं वाढून जागा भरून काढतं." वैशालीने लगेच विचारलं, "मग कधी करायचं?" तिच्या आवाजात कापरं नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर एकच होतं. तळहातावर मावणारी ती छाती, आणि तिच्यात तीन छिद्रं. मी एवढंच म्हणालो, "एकदा देवीला विचारून घेतो."

आमच्याकडे हे नवं नाही. घर बांधायचं, मुलगी द्यायची, आजाऱ्याला मुंबईला न्यायचं, की आधी गावच्या देवीला, जाखमातेला, कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. वैशालीचं माहेरही त्याच भागातलं. तिने हरकत घेतली नाही. उलट म्हणाली, "जाऊन या. मलाही बरं वाटेल." बाळ अंगावर पीत होतं, त्यामुळे ती राहिली आणि मी एकटाच गेलो.

गुरवकाकांनी गाऱ्हाणं घातलं. "बाय माझे, तुझ्या लेकराच्या लेकरावर संकट आलंय. डाक्टर म्हणतोय कापायचं. करावं म्हणत असशील तर उजवा दे." त्यांचं बोलणं संपलं न संपलं, तोच उजवीकडची कळी टपकन खाली पडली. काका खुशीत माझ्याकडे वळले. "घे, झालं. कर जा ऑपरेशन."

मला आनंद व्हायला हवा होता. मी म्हणालो, "काका, दार उघडं आहे. वाऱ्याने पडली असेल. पुन्हा लावा."

काकांनी माझ्याकडे एकवार पाहिलं. मी मुंबईहून आलेला, दमलेला, रडवेला. त्यांना दया आली असावी. पुन्हा लावला. त्या वेळी कोणतीच कळी पडेना. बराच वेळ आम्ही उभे होतो. मग मीच प्रश्न बदलला. म्हणालो, "असं विचारा, थोडं थांबलो तर चालेल का? थांबावं म्हणत असेल तर उजवा." काका म्हणाले, "अरे, पहिला तो कौल. नंतरचं नुस्तं देवीला भिडेस घालणं." मी त्यांच्या पाया पडलो. शेवटी त्यांनी विचारलं, आणि उजवी कळी पडली. काका ती उचलताना बोलले ते माझ्या कानात अजून आहे. "आपलं पोर हट्ट करायला लागलं की आय म्हणते, बरं बाबा, घे तुझं तुला. तसलं हे. ह्यावर जाऊ नको."

मी त्यावरच गेलो. घरी आल्यावर वैशालीने दारातच विचारलं, "काय म्हणाली देवी?" चपला काढता काढता मी म्हणालो, "आत्ता नको म्हणाली. थांबा म्हणाली." वैशालीने देवघराकडे वळून नमस्कार केला आणि त्यानंतर ऑपरेशनचा विषय पुन्हा काढला नाही. मी तिच्याशी वाद घातला असता, मला भीती वाटते म्हणालो असतो, तर तिने मला समजावलं असतं, रागावली असती, आणि शेवटी हाताला धरून घेऊन गेली असती. मी तिला ती संधीच दिली नाही. देवीच्या शब्दापुढे ती काय बोलणार?

पुढचे दिवस चांगले गेले, आणि तेच सगळ्यात वाईट झालं. तन्वी रांगली, उभी राहिली, चालली. रुग्णालयातून फोन आला की मी म्हणायचो, "कळवतो मॅडम." मग ते फोनही थांबले. दीड वर्षाची झाल्यावर तिला पहिला न्यूमोनिया झाला. जवळच्या डॉक्टरांच्या औषधाने उतरला. ते म्हणाले, ते जुनं दाखवून घ्या. मी हो म्हणालो. पाठोपाठ दुसरा आला तो उतरेचना. श्वास घेताना तिच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, नाकपुड्या फुगू लागल्या. मीरा रोडच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि आम्ही अँब्युलन्समधून निघालो. दहिसर नाक्यावर गाड्या अडकल्या होत्या. वैशाली तन्वीच्या कपाळावर हात ठेवून पुटपुटत होती, "आई जाखमाते, तू म्हणालीस म्हणून थांबलो ना आम्ही? मग आता सांभाळ." मी समोर बसलो होतो. माझं डोकं खाली होतं.

मॅडमनी फाइल उघडली, बंद केली. "इतके दिवस का नाही आलात?" त्यांनी विचारलं, ओरडून नाही. वैशाली म्हणाली, "देवीचा कौल नव्हता मॅडम." मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय वाटलं असेल ते असो. मी गप्प राहिलो. आजवरच्या आयुष्यात माझा सगळ्यात मोठा अपराध कोणता, तर ती गप्प बसण्याची वेळ. खोटं बोललो तेव्हा निदान घाबरलेलो होतो. इथे तर माझ्या मुलीला सुया टोचत होत्या, बायको सगळ्यांदेखत देवीला पुढे करत होती, आणि मी खिडकीबाहेर बघत होतो.

औषधांनी ताप उतरला, चढला, पुन्हा उतरला. त्या पोकळ्यांत साठलेला पू मात्र हटेना. मॅडम म्हणाल्या, आता आणखी वाट पाहण्यात अर्थ नाही, तो भाग काढायलाच हवा. पण संसर्गामुळे फुफ्फुस छातीच्या भिंतीला चिकटलं असणार. दुर्बिणीनेच सुरुवात करू, जमेल तितकं तसंच करू. नाही जमलं, रक्तस्राव झाला, तर उघडावं लागेल. जीवाला धोका आधी होता त्याहून जास्त आहे. त्या सगळं सांगून गेल्या आणि संमतीचा कागद टेबलावर राहिला.

वैशालीने पेन उचललं नाही.

"अहो, आधी गुरवकाकांना फोन लावा," ती म्हणाली. "देवीने तेव्हा नको म्हटलं होतं. आता काय म्हणते ते कळू दे. तिच्या मनाविरुद्ध मी पोरीला आत पाठवणार नाही."

"वैशाली, डॉक्टर सांगतायत ना."

"डॉक्टर तेव्हाही सांगत होते. तुम्हीच म्हणालात, देवीपेक्षा डॉक्टर मोठे का?"

हे मी म्हणालो होतो, रुग्णालयाचा फोन ठेवताना. तिने शब्दही बदलला नव्हता.

माझी एकट्याची सही चालली असती, असं तुम्ही म्हणाल. चालली असती. पण तन्वी तिच्या मांडीवर होती आणि ती मांडी सोडायला तयार नव्हती. एखाद्या आईच्या हातून मूल ओढून घेऊन ऑपरेशन थिएटरकडे पळणारा बाप मला व्हायचं नव्हतं. आणि त्याहून सोपी वाट मला दिसली होती. एकदा देवीच्या नावाने खोटं बोललो होतो, आता पोरीच्या जीवासाठी आणखी एकदा बोलायचं. फोन केला, काकांनी कौल लावला, उजवा पडला, असं सांगायचं. इतकंच. मनाला मी पटवलंही, की हे खोटं चांगल्यासाठी आहे.

वॉर्डाबाहेर जिन्याच्या वळणावर मी फोन कानाला लावून उभा राहिलो. नंबर लावलाच नव्हता. दाराच्या काचेतून वैशाली माझ्याकडे बघत होती, म्हणून मी मोठ्याने बोलत होतो. "हो काका... हो, लावा ना... थांबतो मी... उजवा? नक्की ना?" आणि तेवढ्यात, माझ्या कानाशी, फोन वाजला.

अख्ख्या जिन्यात ती रिंग घुमली. घंटा, टाळ, आरती, मीच लावलेली. मी दचकून फोन कानापासून दूर केला. पडद्यावर नाव होतं, गुरवकाका.

वैशाली दार ढकलून बाहेर आली होती. तन्वी तिच्या खांद्यावर होती, हातात सलाइनची पट्टी. तिने फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आत्ता तुम्ही कोणाशी बोलत होतात?"

"कोणाशीच नाही," मी म्हणालो.

फोन वाजतच होता. मी तो घेतला आणि स्पीकरवर टाकला. का टाकला, सांगता येत नाही. लपवायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून असेल.

"काय रे," काकांचा आवाज आला, मागे वारा. "टेकडीवर आलोय, इथं रेंज लागते. भावाला लावत होतो, तो काय उचलत न्हाय, म्हटलं तुला लावू. पोर बरी हाय ना? दर पुनवेला तिच्या नावाचं गाऱ्हाणं घालतो मी. ऑपरेशन झालं त्याला आता वरीस झालं असंल. चालते का?"

वैशालीच पुढे झाली. "काका, मी वैशाली. काका, देवीने ऑपरेशनला नको म्हटलं होतं ना?"

"नको? कोण म्हणतं नको?" काका म्हणाले. "उजवा दिला होता माझ्या बायने. पहिल्याच बारीला, लख्ख उजवा. ह्यालाच पटत नव्हतं. त्याला नाय का सांगितलं मी, पहिला तो कौल म्हणून? अरे, आहेस का तिथं?"

"आहे काका," मी म्हणालो. मग वैशालीकडे बघून, आयुष्यात पहिल्यांदा, सरळ बोललो. "मी खोटं सांगितलं. देवी हो म्हणाली होती. मला भीती वाटली. मी प्रश्न बदलून घेतला आणि तुला खोटं सांगितलं. आत्ताही खोटंच सांगणार होतो."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने काकांना एवढंच म्हटलं, "काका, आजही गाऱ्हाणं घाला. अजून झालेलं नाही." मग ती आत गेली, तन्वीला खाटेवर ठेवलं, कागदावर सही केली. पेन माझ्या हातात दिलं नाही. टेबलावर ठेवलं.

काकांचा फोन नेमका तेव्हाच का आला, याची उकल मी करत बसत नाही. ते भावाला फोन करायला टेकडी चढले होते, भावाने उचलला नाही, इतकी ती साधी गोष्ट आहे. पण ज्या मुलीचं ऑपरेशन होऊन गेलं असं समजून ते दर पौर्णिमेला तिच्यासाठी उभे राहत होते, त्या मुलीचं ऑपरेशन मी अडवून धरलं होतं. माझं खोटं आणि त्यांची प्रार्थना, दोन्ही इतके दिवस शेजारी शेजारी चालत होती. त्या जिन्यात ती समोरासमोर आली.

ऑपरेशनच्या दिवशी तन्वीला आत नेलं तेव्हा तिने वैशालीच्या मंगळसूत्राचा सर मुठीत धरला होता. तो वैशालीला सोडवेना. मी मदतीला हात पुढे केला, तिने तो बाजूला केला. बाहेरच्या बाकांवर ती एका टोकाला बसली, मी भिंतीला टेकून उभा राहिलो. मला प्रार्थना करायची होती. होत नव्हती. "आई" म्हटलं की तिथेच थांबायचो. जिचं नाव खोट्यासाठी वापरलं, तिच्याकडे आता कोणत्या तोंडाने मागू? आणि नाही मागितलं, तर माझ्या गप्प राहण्यानेच पोर गेली तर? असा मी दोन्हीकडून अडकलो होतो. त्या तासांत मला खरोखर वाटलं, की तन्वी बाहेर येणार नाही आणि तेच न्यायाचं असेल. बापाने असं मनात आणावं, हेही आज लिहून टाकतो.

वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर उत्तनजवळच्या पालीची एक म्हातारी होती, तापाने फणफणलेल्या नातीला घेऊन आलेली. आदल्या दिवशीचा जिन्यातला प्रकार वॉर्डात कोणापासून लपला नव्हता. ती डबा घेऊन आली आणि वैशालीच्या शेजारी बसली.

"बाय, दोन घास खा. घोवावर रागव, चपातीवर कशाला रागवतंस?"

वैशालीने मान हलवली.

"खा गो. पोर बाहेर आली की तिला उचलाया ताकद नको?" मग माझ्याकडे वळून, "आन् तू रं? कवाचा भितीला टेकून उभा हाय. भित पडत न्हाय ती. बस."

मी बसलो. म्हातारीने आवाज खाली केला. "देवाचं नाव लावून खोटं बोललास ना? आईकलं मी. काय मोठं न्हाय केलंस, आमच्यात पन चालतं. मला ज्या सोयऱ्याच्या घरी जायचं नसतं, तिथं जाया माझा देव बी न्हाय बोलतो." ती स्वतःशीच हसली. वैशालीच्या ओठांची कड हलल्यासारखी वाटली. कदाचित तसं व्हावं असं मलाच वाटत असेल. "पन पोरीसाठी आता काय बोलतोस त्याला?"

"मला जमत नाहीये," मी म्हणालो. "तोंडच उघडत नाही."

"मंग राहू दे," ती म्हणाली. "मी बोलते. पोरीचं नाव काय?"

तिने पदराच्या गाठीतून क्रूस लावलेली जपमाळ काढली आणि तिच्या मराठीत, तिच्या देवाच्या आईला, माझ्या मुलीचं नाव घेऊन सांगू लागली. मध्येच नातीचंही नाव घेत होती, मध्येच खोकत होती. तिच्या स्वतःच्या नातीचा ताप उतरलेला नव्हता. मी त्या बाईच्या शेजारी बसून नुसता ऐकत राहिलो. माझ्यात काही बदललं नाही. हलकं वाटलं नाही, प्रकाश दिसला नाही. एवढंच कळलं, की माझं तोंड बंद पडलं म्हणून दार बंद पडलेलं नाही. माझ्यावाचूनही कोणीतरी आत हाक मारतंय. तेव्हा मी मनात एकच म्हणालो: मी आता काही विचारत नाही. अटही घालत नाही. ती तुझी.

बऱ्याच वेळाने एक डॉक्टर बाहेर आले. दुर्बिणीने चिकटलेला बराच भाग मोकळा केला, पण एका रक्तवाहिनीजवळ रक्तस्राव झाला. उघडावं लागतंय, रक्त चढवतोय. ते सांगून परत आत गेले. वैशाली उठली, दारापर्यंत गेली, परत आली. बसताना ती माझ्या बाजूला बसली. माझ्यासाठी नाही, ती जागा दाराला जवळ होती. म्हातारीची माळ चालूच होती.

मॅडम आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उमटला होता. "आहे," त्या आधी एवढंच म्हणाल्या, आणि मग बाकीचं. खराब भाग पूर्ण निघाला. अर्धं काम दुर्बिणीने झालं होतं, म्हणून काप लहान ठेवता आला. आज मशीनवर ठेवू, उद्या बघू. वैशालीने विचारलं, "लवकर आलो असतो तर?" मॅडमना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "तर बहुतेक तीन छिद्रांत झालं असतं. पण आता त्याचा विचार नका करू." मी त्याचा विचार रोज करतो.

दुसऱ्या दिवशी श्वासाची नळी निघाली. तन्वीला आवाज नव्हता, घोगरा फुसफुसाट होता. माझ्याकडे बघून तिने तोंड फिरवलं, कारण तिला आत नेणारा मीच होतो असं तिला वाटलं असेल. पालीच्या म्हातारीला सांगायला मी वॉर्डात गेलो तर खाट रिकामी होती. नर्स म्हणाली, नातीचा ताप उतरला, सकाळीच घरी गेल्या. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. पुढे एकदा पालीला जाऊन गल्ल्यांतून फिरलो, पण नाव माहीत नसताना काय विचारणार? समुद्राकडे बघून हात जोडले आणि परत आलो.

आता तन्वी बरी आहे. तिच्या डाव्या कुशीत बरगड्यांच्या रेषेत एक व्रण आहे. आंघोळ घालताना तो हाताला लागतो. ज्या जागी तीन ठिपके असायला हवे होते तिथे ती रेघ आहे, आणि ती माझ्या हाताने ओढलेली आहे. देवीने क्षमा केली असेल. आई आहे ती. वैशालीने अजून केलेली नाही, आणि मी मागितलेलीही नाही. ती माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण मी एखादी गोष्ट सांगितली की क्षणभर थांबते, मनात तोलून बघते. तो क्षण मला दर वेळी दिसतो.

रुग्णालयातून घरी आल्यावर काही दिवसांनी ती भाजी निवडता निवडता म्हणाली होती, "यापुढे भीती वाटली तर मला सांगा. देवीला मध्ये घालू नका." मी हो म्हणालो. इतकी वर्षं पूजा करून जे कळलं नाही ते त्या वाक्यात होतं. शरण जाणं म्हणजे आपली इच्छा देवाच्या तोंडून वदवून घेणं नव्हे. आपण घाबरलोय, एवढं खरं बोलणं हीच पहिली पायरी असावी. मी ती गाळून थेट गाभाऱ्यात शिरलो होतो.

गेल्या आठवड्यात तन्वी खोकली. साधाच खोकला, गल्लीतल्या सगळ्याच मुलांना झालाय. पण तो ऐकून मी हातातलं काम टाकून उठलो. पूर्वीचा असतो तर देवघरात जाऊन बसलो असतो. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो आणि म्हणालो, "वैशाली, मला भीती वाटतेय."

तिने गॅस बारीक केला. या वेळी ती थांबली नाही, तोलून बघितलं नाही. "मलाही," ती म्हणाली. "चला, मॅडमना फोन करू."